तवालेची साक्ष

इनोकेला पहिला संशय आला तो सैलासा चर्चमध्ये जागा राहिला तेव्हा.

वुनिवासा गावात प्रवचन चालू असताना डुलकी लागणं हे काही मोठं पाप मानत नाहीत, पण त्याचा बंदोबस्त ठेवावा लागतो, आणि तो इनोके ठेवत असे. तो चर्चचा तुइरारा, म्हणजे कारभारी होता. तुइराराच्या हातात एक लांब काठी असते. ती पोरांच्या डोक्यावर हलकेच टेकवायची, मोठ्यांच्या खांद्यावर जरा जोरात, आणि सैलासाच्या बरगडीत नीट नेम धरून. वर्षानुवर्षं दर रविवारी सैलासा मागच्या खांबाला टेकून घोरायचा, इनोके त्याला ढोसायचा, आणि सैलासा डोळे न उघडता "आमेन" म्हणायचा. दोघांचंही बरं चाललं होतं.

मग ईस्टरनंतर एका रविवारी सैलासा पुढच्या रांगेत येऊन बसला. इस्त्रीचा सदरा आणि खाली लुंगीसारखा सुलू घालून, ताठ. प्रवचन संपेपर्यंत त्याने जांभईसुद्धा दिली नाही. इनोके काठी घेऊन त्याच्या मागे दोन-तीनदा जाऊन आला आणि दर वेळी हात हलवत परतला. घरी आल्यावर त्याने बायकोला, तराइविनीला सांगितलं की सैलासा काहीतरी करणार आहे.

"काय करणार?"

"तेच तर कळत नाही," इनोके म्हणाला. "म्हणजे मोठं असणार."

सैलासा इनोकेचा तवाले होता, म्हणजे आतेभाऊ. आता सख्ख्या भावाशी, चुलत भावाशी गावात अदबीने बोलावं लागतं. बहिणीशी तर मोठं झाल्यावर फारसं बोलायचंच नसतं. सासऱ्यासमोर मान खाली, सरदारासमोर सगळं अंगच खाली. एवढं सगळं पाळल्यावर देवाने माणसाला तोंड कशाला दिलं असा प्रश्न पडतो, आणि त्याचं उत्तर म्हणजे तवाले. तवालेची टिंगल करायची, त्याला खुशाल फसवायचं, त्याच्या मरणाची आवई उठवायची, आणि त्याने रागवायचं नाही, ही पूर्वजांपासूनची रीत. मिशनरी आले, त्यांनी लढाया बंद केल्या, नाचात कपडे वाढवले, पण तवालेच्या थट्टेला त्यांनी हात लावला नाही. बहुधा त्यांना कोणी सांगितलंच नसावं.

रीत दोन्ही बाजूंनी चालायला हवी. पण इनोकेला थट्टा जमत नसे. तरुणपणी एकदा त्याने करून पाहिली होती, तेव्हा ऐकणाऱ्याने त्याचं सांत्वन केलं होतं. तेव्हापासून तो खरंच बोलत आला. गावात त्याची ख्यातीच होती: इनोकेच्या तोंडून खोटं निघत नाही. हे म्हणताना लोक जरा मागे सरकत, कारण त्याच्या तोंडून खरं निघे ते काठीसारखं, नेम धरून.

सैलासाने मात्र दोघांच्या वाटची थट्टा एकट्याने भरून काढली होती. तिकडे राजधानीत, सुव्याला, घड्याळं एक तास पुढे केली आहेत असं त्यानेच इनोकेला सांगितलं होतं, आणि इनोकेने अंधारातच चर्चचा लाकडी ढोल बडवून अख्खं गाव उपासनेला बसवलं होतं. आधीच्या पाळकांना डाव्या कानाने ऐकू येत नाही असं त्यानेच सांगितलं होतं, आणि इनोके वर्षभर त्यांच्या उजव्या कानात ओरडत राहिला होता. पाळकांना वाटलं, माणूस उत्साही आहे. सरकार माडांची शिरगणती करणार आहे, प्रत्येक माडाला चुन्याचा पट्टा मारा, हेही त्याचंच. त्या वर्षी बोटीने येणारे लोक विचारायचे, कोणता सण आहे. आणि प्रत्येक थापेच्या शेवटी सैलासा छातीवर हात ठेवून म्हणायचा, "दिना." दिना म्हणजे खरं. अगदी खचित.

असा सैलासा उपदेशक व्हायला निघाला.

हे पाळक नेमानींनी उपासनेनंतर जाहीर केलं. ते दुसऱ्या बेटावरून नव्यानेच आलेले, गंभीर, पोटाच्या जरा नाजूक प्रकृतीचे गृहस्थ होते. चर्चच्या व्यासपीठावरून वचन सांगायचं तर मंडळीसमोर एकाला साक्ष द्यावी लागे. तोही असा, ज्याने त्या माणसाला लहानपणापासून पाहिलंय. पाळकांनी सैलासाला विचारलं, तुला सगळ्यांत जवळून कोण ओळखतो? सैलासा वळला आणि त्याने काठीवाल्याकडे बोट दाखवलं.

 इनोकेला सगळा डाव लख्ख दिसला. आपण भर चर्चमध्ये देवासमोर सांगायचं की हा माणूस खरा आहे, आणि मग सैलासाने छातीवर हात ठेवून म्हणायचं, तवाले, फसलास. आजवरच्या थापा सगळ्या सरावाच्या होत्या, ही खरी. आयुष्यभर खोटं न बोललेला माणूस एकदाच बोलणार, तेही खोटी साक्ष, तेही दहा आज्ञांमध्ये जिचं नाव घेऊन मनाई केलीय ती.

पण सैलासा खरंच बदलला असेल तर? मग "नाही" म्हणणं हीसुद्धा खोटी साक्ष, आणि वर एका माणसाच्या तोंडावर देवाचं दार लावून घेतल्याचं पाप. इनोकेने दोन्ही पापं तराइविनीला समजावून सांगितली. ती मासे साफ करत होती. ती म्हणाली, "मग विचार की त्याला."

"तवालेला विचारू? तो काय खरं सांगणार आहे?"

तेव्हा त्याने बाकी सगळ्यांना विचारायचं ठरवलं.

शेजारच्या किनिसिमेरे म्हातारीला विचारलं, सैलासाने तुला कधी फसवलंय? ती म्हणाली, कधीच नाही. उलट घराचं छप्पर गळणार म्हणून त्याने सांगितलं होतं, आणि ते गळलं. दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, उधारी सांगितल्या दिवशी आणून देतो. बोटवाल्याला विचारलं. तो म्हणाला, एकदा त्याने आपलीच चूक आपण होऊन सांगितली, मला तर कळलीही नव्हती. इनोके गावभर हिंडला आणि त्याला सैलासाने कोणाला दिलेली एकही थाप सापडली नाही. सगळ्या थापा एकट्या इनोकेच्या नावावर होत्या.

दुसरा कोणी असता तर निवांत झाला असता. इनोकेचा संशय पक्का झाला. एवढ्या माणसांनी एकच गोष्ट सांगावी, याचा अर्थ त्यांना पढवून ठेवलंय. म्हणजे एकटा सैलासा नाही, अख्खं गाव सामील आहे. त्या दिवसापासून तो किनिसिमेरेकडे पाठ करून बसेना. दुकानात साखर घेतली तर चाखून बघे.

मग एका संध्याकाळी त्याच्या मनात आलं, हे नेमानी तरी कोण? बोटीतून उतरले आणि म्हणाले मी पाळक, आणि आपण मानलं. पेटी कोणी उचलली होती? सैलासाने. इनोके काठी घेऊन थेट पाळकांच्या घरी गेला. ते नारळाच्या दुधातला मासा बाजूला सारून नुसता उकडलेला दालो, म्हणजे अळूचा कंद, खात होते. पोट बरं नव्हतं.

"पाळकसाहेब," इनोके म्हणाला, "तुम्ही खरोखर पाळक आहात का?"

नेमानींचा घास हातातच राहिला.  मग त्यांचे डोळे भरून आले. "भावा," ते म्हणाले, "हा प्रश्न मी स्वतःला रोज विचारतो. आज देवाने तुझ्या तोंडून विचारला."

त्यांनी इनोकेचे दोन्ही हात धरून प्रार्थना केली. घरी परतताना इनोकेच्या लक्षात आलं की उत्तर काही मिळालेलं नाही.

आता एकच वाट उरली होती: सैलासा एकटा असताना काय करतो ते बघणं. दुपारी तो आपल्या दालोच्या वाफ्यात जातो आणि तिथे गुडघे टेकतो अशी गावात वार्ता होती. वार्तेवर इनोकेचा विश्वास नव्हताच. तो आधी जाऊन वाफ्याकाठच्या नीरफणसावर चढून बसला. त्या वयात चढायचं ते झाड नव्हतं, पण सत्यासाठी माणसाने थोडं खरचटून घ्यावं.

सैलासा आला. त्याने दालोची पानं बाजूला केली, गुडघे टेकले, डोळे मिटले. इनोके श्वास रोखून ऐकू लागला.

"बापा," सैलासा म्हणाला, "जे आजारी आहेत त्यांना बरं कर. जे बोटीवर आहेत त्यांना किनाऱ्याला लाव. पाळकांचं पोट सांभाळ. आणि वर माझा तवाले बसलाय, त्याला सांग की ती फांदी किडलेली आहे. मी सांगितलं तर तो ऐकणार नाही. आमेन."

तो उठला आणि खुरपं घेऊन तण काढू लागला. वर एकदाही बघितलं नाही.

वर इनोके गालात हसला. म्हणजे हे असं आहे. आपण घाबरून खाली उतरायचं आणि याने गावभर सांगायचं की तुइरारा झाडावर सापडला. प्रार्थनेतसुद्धा थाप मारतो हा माणूस. पुरावा मिळाला. आपण फसलो नाही हे स्वतःलाच पटावं म्हणून इनोके फांदीवर आणखी थोडा पुढे सरकला.

फांदीला तवाले वगैरे काही कळत नव्हतं. ती मोडली.

सैलासाने त्याला पाठीवर घेऊन घरी आणलं. वाटेत जो भेटेल तो विचारी, काय झालं, आणि सैलासा प्रत्येकाला एवढंच सांगे की झाडाखाली भेटला. त्यात खोटं काहीच नव्हतं. पाठीवर बसल्या बसल्या इनोकेने ते पुन्हा पुन्हा तपासून पाहिलं.

तराइविनी त्याच्या घोट्याला खोबरेल चोळायला बसली. इनोके तिला पुरावे सांगू लागला. घड्याळाची थाप, कानाची थाप, माडांची थाप. ती ऐकत होती आणि चोळत होती. मग तो चक्रीवादळाच्या वर्षावर आला. त्या वर्षी त्यांचा सगळा दालो खाऱ्या पाण्याने कुजला होता, आणि सैलासा सकाळी टोपली घेऊन दारात यायचा. म्हणायचा, घे बाबा, डुकरं हे खाईनात, तुला चालतं का बघ. दुसऱ्याला डुकराचं उरलेलं देतो, वर तेही हसत, इनोके म्हणाला.

तराइविनीचा हात थांबला.

"कसली डुकरं?"

"त्याची."

"त्याची डुकरं वादळातच वाहून गेली, इनोके. सगळ्यांनी बघितलं. खुराडं धरून तरंगत गेली."

 हे इनोकेला माहीत होतं. डुकरं जाताना त्याने स्वतः पाहिली होती, आणि टोपलीही त्याने स्वतः घेतली होती, फक्त दोन गोष्टी कधी एकमेकींशेजारी ठेवून बघितल्या नव्हत्या.

"मग तो दालो कोणाच्या तोंडचा होता?" त्याने विचारलं.

"तू तुइरारा आहेस," तराइविनी म्हणाली. "तूच शोध." आणि तिने घोटा जरुरीपेक्षा जोरात दाबला.

शनिवारी इनोकेने ट्रंक उघडून तांबुआ काढला. तांबुआ म्हणजे देवमाशाचा दात, दोरीला बांधलेला, पिढ्यांच्या हातांनी पिवळा झालेला. लग्नाची मागणी घालताना, माफी मागताना, मेलेल्याला निरोप देताना तो पुढे करतात. तो हातात असताना कोणी थट्टा केल्याचं गावात ऐकिवात नाही. शेजारच्या घरी आपल्याच आतेभावाकडे तांबुआ घेऊन जाणं म्हणजे मीठ मागायला वरात काढण्यासारखं होतं, पण इनोकेपुढे इलाज नव्हता. तो लंगडत गेला, दारातच मांडी घालून बसला, आणि दात दोन्ही हातांत धरून रीतसर बोलू लागला: हे घर, या घराचे पूर्वज, या घराचं जमिनीशी असलेलं नातं.

सैलासा आत जाळं विणत होता. त्याने दात बघितला आणि त्याचा चेहरा उतरला.

"कोण गेलं?" त्याने विचारलं.

"कोणी नाही. मला एक विचारायचंय."

सैलासाने चटई पसरली, समोर बसला, हात पुढे करून रीतीप्रमाणे दात घेतला आणि मांडीवर ठेवला. दोघंही आयुष्यात पहिल्यांदाच एकमेकांसमोर पाहुण्यांसारखे बसले होते. दोघांनाही ते अवघडत होतं.

"तुझी ही उपदेशकी," इनोके म्हणाला, "ही थट्टा आहे का?"

सैलासाने विचार केला. "मी 'नाही' म्हटलं तर तू मानशील?"

"नाही."

"आणि 'हो' म्हटलं तर?"

"लगेच मानेन."

"मग तवाले, हा दात उगाच वाया घालवलास. उत्तर तू घरूनच घेऊन आलायस."

 सैलासाने बोटाने दातावरची धूळ पुसली. मग खाली बघूनच तो सांगू लागला, आणि त्याचा आवाज इतका सपाट होता की तो कोणाचा आहे हे इनोकेला क्षणभर ओळखू येईना.

ईस्टरच्या आधी, ओहोटीच्या वेळी, तो खडकांवर ऑक्टोपस मारायला गेला होता. प्रवाळाच्या फटीत त्याचा पाय अडकला. भरती चढू लागली. किनाऱ्यावर इनोके जाळं गोळा करत होता.

"मी ओरडलो, तवाले, पाय अडकलाय. तू हात हलवलास."

इनोकेला आठवलं. त्याने हात हलवला होता.

"मग मी ओरडलो, खरंच अडकलाय, दिना. तू म्हणालास, दिना म्हणतोयस म्हणजे नक्कीच नाही. आणि जाळं खांद्यावर टाकून गेलास." सैलासाने मान वर केली. "रागावलो नाही मी. तवालेवर रागवायचं नसतं. आणि तू बरोबरच होतास. मी असतो तर मीही गेलो असतो."

"मग?"

"मग पाणी इथवर आलं." त्याने हनुवटीला हात लावला. "दुसरं कोणी नव्हतं, म्हणून येशूला हाक मारली. पाय अडकलाय म्हणालो. आणि सवयीने शेवटी 'दिना' म्हणून गेलो. तवाले, मला इतकी लाज वाटली. मरणापेक्षा त्याची. एवढा एकच शब्द होता आणि तोही मी वापरून वापरून झिजवून ठेवलेला. पण त्याने तो घेतला. गावात सगळे म्हणतात, सैलासा त्याला मानायला लागला. उलट आहे. त्याने माझं मानलं. तसं आधी कोणी मानलं नव्हतं."

"पाय सुटला कसा?"

"कातडं तिथेच ठेवून." सैलासाने पाय पुढे केला. घोट्याभोवती गुलाबी, चुरगळलेला वण होता. इनोके वाकून बघू लागला, आणि त्याच्या मनात आलंच, की हा वण जुना असू शकतो, दुसऱ्या कशाचा असू शकतो. पण वणाकडे बघून काय उपयोग होता? हात त्याने स्वतःच हलवला होता.

सैलासाने तांबुआ त्याच्या हातात परत ठेवला. म्हणाला, साक्ष द्यायची नसेल तर देऊ नकोस, मी पुन्हा खांबाजवळ जाऊन बसेन, तिथेही ऐकू येतं. मग जरा थांबून म्हणाला, "फक्त त्या दिवशी मी थट्टा करत नव्हतो. एवढं तुला सांगायचं होतं. संधीच मिळत नव्हती."

रविवारी चर्च खच्चून भरलं. पाळक नेमानींनी प्रवचनाला तो रोमी सुभेदार घेतला होता, जो खटल्यासाठी समोर आणलेल्या येशूला विचारतो की सत्य म्हणजे काय, आणि उत्तराची वाट न बघता बाहेर निघून जातो. पाळक म्हणाले, बिचाऱ्याला वाटलं सत्य म्हणजे एखादं वाक्य असेल, कोणीतरी सांगेल आणि आपण ऐकू. ते तर त्याच्यासमोर उभं होतं, हात बांधलेलं, रात्रभर न झोपलेलं. सुभेदाराने नजर वर करून नीट बघितलं असतं तरी पुरे होतं. इनोके काठी धरून भिंतीशी उभा होता. कोणी झोपलंय का हे बघायचं आज तो विसरला.

मग समोर केवड्याच्या पातीची चटई पसरली आणि सैलासाला तिच्यावर बसवलं. चटईवरच्या माणसावर जो शेरा बसेल तो त्याच्या घराला पिढ्यानपिढ्या चिकटतो. सैलासाची मान खाली होती.

इनोकेने घरी उत्तर तयार केलं होतं. हा माणूस इतरांशी खरं बोलतो, माझ्याशी खोटं बोलतो, त्यातून डुकरांची गोष्ट वेगळी धरावी, आणि खडकावरची गोष्ट आणखी वेगळी. त्यात एक शब्द इकडचा तिकडे नव्हता. पण हा खरं बोलतो का, असं पाळकांनी विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, "हा माणूस दिना आहे का?"

गावच्या भाषेत शब्द दिना असतो तसा माणूसही दिना असतो. इनोके आयुष्यभर शब्दच मोजत आला होता. टोपली घेऊन दारात उभा राहणारा, आपल्या पोटाचं दुसऱ्याला देऊन वर त्याला मिंधेपण येऊ नये म्हणून डुकरांचं नाव सांगणारा माणूस कोणत्या मापात बसतो, हे त्याने कधी पाहिलं नव्हतं. आणि ज्याच्या तोंडून खोटं निघत नाही तो माणूस जाळं खांद्यावर टाकून निघून गेला होता.

"आहे," इनोके म्हणाला. "दिना आहे."

अख्खं चर्च हसलं.

आधी मागचे हसले, मग बायका, मग म्हातारे. किनिसिमेरेने डोळ्यांना झग्याचं टोक लावलं. तवालेने भरसभेत, गंभीर चेहऱ्याने तवालेची स्तुती करावी, ही वुनिवासात थट्टेची शेवटची पायरी होती, आणि ती कोणी चढावी तर इनोकेने. बोटवाला शेजाऱ्याला म्हणाला, आयुष्यभर साठवून ठेवली होती पठ्ठ्याने.

"मी थट्टा करत नाही," इनोके म्हणाला.

ते आणखी हसले. तवाले हेच म्हणतात.

"त्याचा पाय खरंच अडकला होता," इनोके ओरडला. कोणाला काही कळलं नाही, त्यामुळे हसू दुप्पट झालं. पाळक नेमानी गोंधळून एकदा मंडळीकडे आणि एकदा इनोकेकडे बघत होते. इनोके हात हलवून लोकांना गप्प करू लागला, आणि लोकांनी आनंदाने त्याला हात हलवून दाखवले.

तेव्हा त्याला कळलं आपण कुठे उभे आहोत. पाणी हनुवटीपर्यंत आलं होतं, जे खरं आहे ते तो ओरडून सांगत होता, आणि सगळा किनारा त्याला हात हलवून निरोप देत होता. पुरावा एकही नव्हता. शब्द होता एकच, आणि तो त्यांनी हसण्यावारी नेला होता. आणि अजूनही, अगदी या क्षणीही, त्याच्या आत कोणीतरी म्हणत होतं, हाच तर सैलासाचा डाव नसेल?

नसेल किंवा असेल. इनोकेने काठी भिंतीला लावून ठेवली. तो लंगडत पुढे गेला आणि चटईवर सैलासाच्या शेजारी मांडी घालून बसला.

हसू थांबलं, तेही एकदम, ढोलावर हात ठेवावा तसं. तोंडाने थट्टा कोणीही करतं. बूड टेकवून कोणी करत नाही. चटईवर बसलेल्याचं जे होईल ते त्याच्याशेजारी बसलेल्याचंही होतं, त्याच्या घराचंही, नातवंडांचंही. सैलासा खोटा निघाला तर आजपासून इनोकेही खोटा. गावात कोणाच्याही आठवणीत तिथे दोन माणसं बसली नव्हती. किनिसिमेरेने डोळे पुन्हा पुसले, या खेपेला वेगळ्या कारणाने.

पाळकांनी आणखी काही विचारलं नाही. त्यांनी एक हात सैलासाच्या डोक्यावर ठेवला आणि दुसरा, बहुधा तो रिकामाच होता म्हणून, इनोकेच्या. मंडळी म्हणाली, आमेन. मग बराच वेळ प्रार्थना चालली.

प्रार्थना चालू असताना सैलासा न हलता, ओठांच्या कोपऱ्यातून हळूच म्हणाला, "तवाले."

"काय?"

"बसताना तुझा सुलू मागे फाटला. चांगला वीतभर." आणि मग, छातीवर हात न ठेवता: "दिना."

इनोकेच्या डोक्यात आयुष्यभराच्या घंटा वाजल्या. घड्याळ, कान, माड. आता आपण मागे हात नेऊन चाचपायचं, तेही पाळकांचा हात डोक्यावर असताना, आणि सुलू धड असायचा, आणि चर्च पुन्हा हसायचं. किंवा चाचपायचं नाही, आणि तसंच उठायचं. त्याचा हात मांडीवरून थोडा सरकला. मग तो तिथेच राहिला.

उपासना संपली तेव्हा इनोके सगळे जाईपर्यंत बसून राहिला. नंतर तो उठला तो पाठ भिंतीला लावून, आणि खेकड्यासारखा आडवा चालत दारापर्यंत गेला. सैलासा त्याच्या मागे, अगदी चिकटून, गावाच्या मधल्या वाटेने चालत आला.  बघणाऱ्यांना वाटलं, साक्षीनंतरची ही काहीतरी जुनी, विसरलेली रीत असावी. एक-दोघांनी टोप्यासुद्धा काढल्या.

घरात येऊन इनोकेने कपडे बदलले. मागची बाजू न बघताच सुलूची घडी घातली आणि ती तराइविनीच्या मांडीवर ठेवून म्हणाला, शिवून ठेव, आणि पानं आणखी दोन वाढ, सैलासा आणि त्याची बायको जेवायला येताहेत.

"कुठे फाटलाय?" तिने विचारलं.

"मागे," इनोके म्हणाला. "सैलासा सांगत होता."

तराइविनीने त्याच्याकडे बघितलं, मग घडीकडे बघितलं. घडी अजून मोडलेली नव्हती. तिने सुईत दोरा ओवून घेतला.